दारावरचा निंब

आये, आज सकाळी अंगणातला निंब छाटायला माणूस आला होता. फांद्या विजेच्या तारांना लागत होत्या. त्याने खालच्या फांद्या तोडून दाराशी ढीग केला आणि चहा प्यायला बसला, तेवढ्यात रस्त्याने जाणारी एक म्हातारी थांबली. ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "घरात कोनाला काय झालाय गो?" मी म्हटलं, "काय नाय, झाड छाटलाय." ती हुश्श करून पुढे गेली. निंबाचा पाला दारात बघून पाऊल थांबवणारं माणूस आता गावात एखादंच उरलं असेल. माणूस पैसे घेऊन गेल्यावर मी पाला तसाच राहू दिला आणि हे कागद घेऊन बसले. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू होतीस तेव्हा सांगू शकत नव्हते, कारण कोणाला तरी तसा शब्द दिला होता. जिला शब्द दिला ती गेली, तू गेलीस, आणि आता तुझा मुलगाही गेला. मग शब्द तरी कोणासाठी पाळू?

मी मुरब्याहून लग्न होऊन तुझी सून म्हणून दांडीला आले तेव्हा मला अक्षरओळख म्हणावी तेवढीच होती. पुढचं वाचन मी तुझ्या चुलीपाशी शिकले, हे तुला माहीत होतं आणि आवडत नव्हतं. तू बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन जायचीस, सुके बोंबील बांधायला रद्दीचे पेपर आणायचीस, आणि मी बांधता बांधता त्यांतलं वाचत बसायचे. "पेपरावर बोंबील ठेवायचे हायेत का पेपर चाटायचाय?" असं तू म्हणायचीस. एकदा मी कोणाच्या तरी लग्नाची बातमी अर्ध्यावर ठेवली नाही म्हणून भात करपला, तेव्हा तू तो करपलेला भात माझ्याच ताटात वाढलास आणि वर म्हणालीस, "आता सांग, नवरी कशी हाय?" मला तेव्हा रडू आलं होतं. आता तो भात आठवला की हसू येतं.

बाबांच्या छातीत कळ आली ती होडी वर ओढताना. वाळूतच बसले. माणसं म्हणाली पित्त असेल, पण तुझ्या मुलाने ऐकलं नाही, मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. ते परत आले तेव्हा चेहरा उतरलेला आणि हातात गोळ्यांची बाटली. तू बाटली माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "वाच. काय लिवलाय?" इंग्रजी होतं. मला येईना. "म्हंजे शिकलीस ती फुकटच," म्हणालीस आणि बाटली मडक्यांच्या फळीवर, देवाच्या तसबिरीच्या मागे ठेवलीस. तुझ्या मुलाने मग आपल्याला समजावून सांगितलं. हृदयाच्या नळीत रक्ताची गाठ अडकली होती. पुन्हा अडकू नये म्हणून या गोळीने रक्त पातळ ठेवायचं. रोज संध्याकाळी एक, चुकवायची नाही, वाढवायची नाही, आणि अधूनमधून मुंबईला जाऊन रक्त किती पातळ झालं ते तपासून घ्यायचं. तुला ते पटेना. जन्मभर तू ऐकलं होतं की रक्त दाट असावं, पातळ रक्ताचा माणूस दर्यात टिकत नाही. शेवटी तोच म्हणाला, "आये, खाडीच्या तोंडाशी गाळ बसला की होडी अडकते ना? ही गोळी गाळ बसू देत नाय." तेवढं तुला कळलं. त्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लावला की तू बाबांना हाक मारायचीस, "चला, गाळ काढा."

त्या वर्षी तारापुराकडे मोठं बांधकाम चालू होतं. बोईसरला देशभरची माणसं आली होती, बाजारात हिंदी ऐकू यायची आणि तू "बाय, कैसा दिया?" म्हणणाऱ्याला मुद्दाम मराठीतच भाव सांगायचीस. तापाची साथ आली तीही बहुधा त्याच गर्दीतून आली. नारळी पुनव होऊन होड्या दर्यात गेल्या होत्या. आधी बाजारातल्या बायका खोकायला लागल्या, मग आळीच्या आळी पडल्या. तरणी माणसं आठवडाभरात उठून कामाला लागली. बाबा उठले नाहीत. अंगाची भट्टी, खोकला असा की खाट हलायची, तोंडाला चव नाही. पेजेचे दोन घोट, बाकी काही नाही. ते असे पडले आणि आपलं घर समाचाराला येणाऱ्या माणसांनी भरून गेलं.

आपल्या गावात आजाऱ्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नसे, आणि आणलेलं औषध तू नंतर दे म्हणून ठेवूनही जात नसे. ज्याने आणलं त्याने स्वतःच्या हाताने द्यायचं, घशाखाली उतरेपर्यंत उभं राहायचं. हाताचा गुण म्हणायचे. नको म्हणणं म्हणजे तुझा हात वाईट आहे असं तोंडावर सांगणं. कोणी काढा आणला, कोणी कसली मुळी उगाळून आणली, कोणी बोईसरच्या दुकानातली तापाची पांढरी गोळी. तेव्हा ती गोळी पानपट्टीच्या टपरीवरही मिळायची. आणि सगळ्यांच्या वर आत्या. बाबांची थोरली बहीण, दोन घरं पलीकडे राहणारी, गावात जिच्या हाताला सगळ्यात जास्त गुण. तिने बाबांना लहानपणी खांद्यावर वागवलं होतं, आणि तुला सून म्हणून पसंत केलं नव्हतं, हे ती तुला दर सणाला आठवण करून द्यायची. ती सकाळी यायची, दुपारी यायची, भावाच्या दंडाला तेल रगडायची, आणि कमरेच्या चंचीतून पांढरी गोळी काढून त्याच्या जिभेवर ठेवायची.

"बाय, त्यांना मुंबईची गोळी चालू हाय," तू एकदा म्हणालीस.

"तुज्या मुंबईच्या गोळीनं ताप गेला?" आत्या म्हणाली. "नाय ना? मग बस गप. माज्या भावाला काय सोसतंय ते मना माहीत हाय. तू आलीस ती काल."

तू लग्न होऊन आलीस त्याला तेव्हा तीस-पस्तीस वर्षं झाली असतील.

पहिल्यांदा रक्त तू बघितलंस. बाबा उठून राखुंडी लावत होते आणि थुंकलेलं पाणी लाल. तू तांब्याने पाणी ओतून ते वाहवून टाकलंस. मग मी त्यांचा सदरा बदलायला गेले तर दंडावर, आत्याने रगडलं होतं तिथे, जांभळे-काळे डाग, हाताच्या पंजाएवढे. त्याच दुपारी नाकातून रक्त आलं आणि थांबेना. तू मान मागे धरलीस, पाण्याची पट्टी ठेवलीस, कांदा हुंगायला दिलास. लुगड्याचा पदर भिजला, तरी येतच होतं. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. तुझा मुलगा दर्यात. घरात आपण दोघी. तुझ्या डोळ्यांत भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. म्हणालीस, "पातळ झाला गो सगळा. आता वाहून जानार."

बोईसरच्या बाजारातले डॉक्टर मी बोलावून आणले. तरुण होते, स्कूटर वाळूत रुतली म्हणून शेवटचा रस्ता चालत आले, बुटांत वाळू. त्यांनी बाबांचे डोळे, हिरड्या, दंड बघितले. बाटली हातात घेतली, वाचली आणि खाटेच्या कडेला बसले. "या गोळीबरोबर आणखी काय दिलंत?"

तू सांगायला लागलीस. काढा, मुळी, गूळपाणी. मग पांढरी गोळी. "किती?" ते म्हणाले. तुला सांगता येईना. कोणाकोणाच्या हातून किती गेल्या ते कोणी मोजलं होतं?

त्यांनी आपल्याला ओरडून काही सांगितलं नाही, ते मला आजही बरं वाटतं. म्हणाले, "ही पांढरी गोळीही रक्त पातळ करते. शिवाय पोटात जखम करते. त्यात ताप आणि त्यात उपास. पोटात अन्न नसलं की मुंबईची गोळी दुप्पट जोराने काम करते. तिन्ही एकत्र आली." तू विचारलंस, "मग मुंबईची बंद करायची?"

"तोच प्रश्न आहे," ते म्हणाले. "चालू ठेवली तर रक्त थांबायचं नाही. बंद केली तर तापात, पडून पडून, पुन्हा गाठ व्हायची भीती. तापाने रक्त गोठायलाही बघतं. दोन्हीकडून धोका आहे, आजी. मी तुम्हाला खोटं सांगत नाही." तू म्हणालीस, "तुमच्या बापाला असता तर?" ते म्हणाले, "आज बंद केली असती. रक्त थांबलं आणि ताप उतरला की अर्धीने पुन्हा सुरू केली असती. आणि मधल्या दिवसांत घाबरत बसलो असतो." मला वाटतं, त्या शेवटच्या वाक्यावर तू त्यांच्यावर विश्वास ठेवलास.

रक्त आवरायचं इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं. पालघरला मिळेल म्हणाले, नाव कागदावर मराठी अक्षरांत लिहून दिलं. मी गेले. दुकानदाराने माझ्या डोक्यावरचा पदर आणि पायातली वाळू बघून कागद मागितला, मी कागद हातातच ठेवून नाव वाचून दाखवलं. पोरकटपणा होता माझा. पण त्या दिवशी मला ते करावंसं वाटलं. परत आले तेव्हा डॉक्टर आपल्या ओट्यावर बसून माझी वाट बघत होते. त्यांनी ते इंजेक्शन शिरेत, अगदी हळूहळू दिलं. दंडात टोचलं तर तिथेच रक्त साकळेल म्हणाले. निघताना दाराशी थांबून तुला बजावलं: तापाला फक्त पाण्याच्या पट्ट्या. पोटात अन्न घाला, शेवग्याचा पाला, मासे, भात, जे जाईल ते, थोडं थोडं. आणि बाहेरच्या कोणाच्याही हातची एकसुद्धा गोळी यांच्या तोंडात जाता कामा नये. "पुन्हा रक्त सुटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

ते गेले आणि तू चुलीपाशी येऊन बसलीस. पाट्यावर मिरच्या तशाच होत्या. "गोळी नको असा कोनाला सांगू?" तू म्हणालीस. "आत्याला सांगू? ती दारात बसून छाती पिटंल. वयनीनं भावाला तोडला म्हनंल. आणि मी आत नाय घेतली तरी ती मागच्या दारानं येईल. ती काय ऐकनार हाय?" मला वाटलं तू रडशील. तू उठलीस, कोयता घेतलास आणि मागच्या अंगणात गेलीस. परत आलीस ती निंबाच्या डहाळ्या घेऊन. माझ्या हातात जाळ्याचं सूत दिलंस आणि म्हणालीस, "धर. दारावर बांध."

मला समजायला क्षण लागला. अंगावर फोड उठवत देवी आल्या की त्या घराच्या दारावर निंब बांधतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्या घरात परकं माणूस पाऊल टाकत नाही. आणि देवी आल्या की औषध नाही, कोणाच्याच हातचं नाही. देवीला औषध म्हणजे देवीचा राग. तू हे सगळं चुलीपाशी बसल्या बसल्या जुळवलं होतंस. मी म्हटलं, "आये, खोटा निंब बांधायचा? देवीनं धरलं तर?" तू सूत माझ्या हातातून ओढून घेतलंस. "मना धरू दे," म्हणालीस. "त्यांना सोडू दे." आणि स्वतः पाटावर चढून बांधलास.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या आली. मी दाराच्या फटीतून बघत होते. ती अंगणात आली, निंब बघितला आणि जागच्या जागी थांबली. चंचीवर हात.

"कोनाला?" ती म्हणाली.

"त्यांना," तू आतून म्हणालीस.

"देवी? त्याला? या वयाला?"

"देवीला वय विचारतेस काय बाय?"

"लहानपनी येऊन गेल्यात त्याला. मी निंबाच्या पाल्यावर निजवला होता."

देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तू म्हणालीस, "मग वळख असंल. पुन्हा आल्यात."

आत्याने चंची कमरेला पक्की खोचली, दोन्ही हात जोडले, आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसली. आणि देवीचं गाणं म्हणायला लागली. तिचा आवाज म्हणजे वाळूवर ओढलेली होडी. तू आत तोंडात पदर कोंबून हसलीस. घाबरलेलं माणूस हसतं तसं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबांनी खाटेवरून विचारलं, "ही कोनासाठी गातेय?" तू म्हणालीस, "तुमच्यासाठी. तुमाला देवी आल्यात." ते म्हणाले, "मना नाय सांगितला कोनी."

पुढचे दिवस मला एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. तू बाजारात जात नाहीस, कारण देवीच्या घरची मासळी कोण घेणार. समोरच्या ओट्यावर आत्या आहे, दुपारी जेवायला घरी जाते आणि परत येते, कोणी समाचाराला निघालं की हात वर करून लांबूनच परतवते, "जाव जाव, निंब दिसत नाय?" आत तू शेवग्याचा पाला निवडते आहेस. नाकातलं रक्त थांबलं आहे, हिरड्यांचं थांबलं आहे, डाग जांभळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे होत चालले आहेत. पण गोळी बंद आहे. तू पांघरूण सारखं करायच्या निमित्ताने बाबांच्या छातीला कान लावतेस. बाबा डोळे न उघडता म्हणतात, "इंजन चालू हाय. जा." तू उठतेस, आणि थोड्या वेळाने पांघरूण पुन्हा सारखं करायला जातेस.

एक दिवस बाबा म्हणाले, बोयटाचं कालवण खावंसं वाटतं. देवीच्या घरात मासे शिजत नाहीत, फोडणी घालत नाहीत. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. मग तू मागच्या दाराने जाऊन कुठून तरी बोईट आणलास, फोडणी न देता, हळद-कोकम-मिठात नुसता उकळलास, आणि मला सगळी दारं लावून सुपाने धूर खाली दाबायला बसवलंस, जणू धूर माझं ऐकणार होता. बाबांनी भात कालवून खाल्ला. किती दिवसांनी घास चावून खाल्ला. बाहेर आत्याचा आवाज त्या दुपारी जास्तच मोठा होता. तू म्हणालीस, "म्हातारीला कंटाळा येत नाय काय?"

आत्या जेवायला घरी गेली होती तेव्हा डॉक्टर दुसऱ्यांदा आले आणि दारावरचा निंब बघून अंगणातच थबकले. तू त्यांना आत घेऊन सगळं खरं सांगितलंस. आधी ते रागावले, मग हसले, मग पुन्हा गंभीर झाले. "देवीची लस टोचणाऱ्या सरकारी माणसाच्या कानावर गेलं तर अख्ख्या दांडीचे दंड सुजतील," म्हणाले. "मी त्याला सांगून ठेवतो." ताप उतरला होता. त्यांनी गोळी अर्धी करून द्यायला सांगितलं आणि तुझा मुलगा आला की मुंबईला नेऊन रक्त तपासून घ्यायला. त्या संध्याकाळी तू दिवा लावलास, गोळीचे सुरीने दोन तुकडे केलेस आणि म्हणालीस, "चला. अर्धा गाळ काढा."

तुझा मुलगा परतला तो मला विसरता येत नाही. होडीतूनच त्याला दारावरचा पाला दिसला होता. वाळूतून पळत आला, ओला, आणि दारात येऊन तसाच उभा राहिला, आत यायला घाबरून. मी बाहेर आले तर त्याने आधी माझ्या तोंडाकडे, हातांकडे बघितलं, डाग आहेत का. मी हळूच म्हटलं, "कोनाला काय नाय." तो उंबऱ्यावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेतलं. आमच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याला माझी काळजी आहे हे मला त्या दिवशी कळलं, त्याने कधी सांगितलं नसतं.

देवीची बोळवण तू अगदी रीतसर केलीस. दहीभात, नारळ, हिरवी चोळी. तुझे ओठ बराच वेळ हलत होते. काय बोलत होतीस ते मी विचारलं नाही, पण माफी मागत होतीस, एवढं दिसत होतं. मुंबईला बाबांचं रक्त तपासलं, गोळी ठरली, आणि त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. गाळ काढत काढत. आत्या गावभर सांगायची, "माज्या भावाला म्हातारपनी देवी आल्या आणि एक वण ठेवला नाय. गायला कोन बसला होता?" तू हे ऐकायचीस आणि घरी येऊन चुलीपाशी हसायचीस. कोणतंही भांडण हरून आलीस की म्हणायचीस, "जाऊ दे. एकदा फसवलाय म्हातारीला. जन्माचा फसवलाय."

आता ते, जे तुला सांगायचं राहिलं. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी आत्या आणि मी वलांडीवर बोंबील वाळत घालत होतो. तू बाजारात होतीस. ती एकदम म्हणाली, "तुज्या सासूनं त्या वेळी बोयटात कोकम जास्त घातला होता."

माझ्या हातातला बोंबील खाली पडला.

"वारा दर्याकडनं होता," ती म्हणाली. "मी समोर बसलेली. मना वास येनार नाय? देवीच्या घरात कालवन शिजतंय. आधी मी उठलेच होते. दार तोडून आत जानार होते आणि तिची वेनी धरनार होते. मग फटीतनं बघितला, तो जेवत होता. पाच बोटांनी. मी खाली बसले." ती बोंबलांची तोंडं एकात एक अडकवत राहिली. "तवा कळला. माजी गोळी बाधली त्याला. तोंडावर बोलली असती तर मी ऐकला असता? भांडले असते. अजून दिल्या असत्या."

मी विचारलं, "मग गात का बसलात?"

"मी उठले असते तर बाकीच्या आत आल्या असत्या," ती म्हणाली. "त्यांच्या पन चंच्या होत्या." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तिला सांगू नको. तिला वाटू दे मना फसवला. जन्मभर हरली माज्याकडनं. एवढा एक राहू दे तिला."

मी नाही सांगितलं. तू दर वेळी हसायचीस आणि मी तुझ्याबरोबर हसायचे, आणि तिकडे ओट्यावर आत्या "एक वण नाय" म्हणून सांगत असायची. एका दाराच्या आत तू आणि बाहेर ती, दोघी एकाच माणसाची राखण करत होतात, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. आत्या गेली तेव्हा तू सगळ्यांत जास्त रडलीस. तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. पण शब्द होता, आणि तुझं हसू काढून घ्यावं असंही वाटेना.

तुझा मुलगा गेला, आये. त्यालाही पुढे बाबांसारखीच गोळी लागली होती, आणि ती मी कधी चुकवू दिली नाही. दिवा लावला की मी म्हणायचे, गाळ काढा. मग ती मोठी साथ आली, सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली, आणि त्याला पालघरला नेलं. मला आत सोडलं नाही. फोनवर एक मुलगी डॉक्टर बोलायची, मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तापात ती जोरात चढते. ती म्हणाली, आजी, बरं झालं सांगितलंत, गोळी थांबवून आम्ही मोजून इंजेक्शन देतो, रोज रक्त बघतो. आणि रोज संध्याकाळी ती मला सांगायची. रक्त शेवटपर्यंत बरोबर होतं त्याचं. छाती भरली. तिने सगळं केलं, मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

त्या दिवसांत आपल्या घरी कोणी येत नव्हतं. दारावर काही बांधायची गरजच नव्हती. मी समोरच्या ओट्यावर जाऊन बसायचे, आत्या बसायची तिथे, आणि आपल्याच बंद दाराकडे तोंड करून तिचं गाणं म्हणायला बघायचे. तिने मला कितीदा सांगितलं होतं, शिकून ठेव, कधीतरी लागंल. मी म्हणायचे, सावकाश लिहून घेईन. हे पत्र मी मडक्यांच्या फळीवर, तसबिरीच्या मागे ठेवते आहे, जिथे बाटली असायची. रद्दीतला कागदन् कागद वाचला मी, आये, पण ते गाणं लिहून घेतलं नाही. दोन ओळी येतात. त्याच म्हणत होते.